मासळीचं संशोधन नियमापर्यंत पोहोचतं कसं, आणि त्यात परदेशी सहकार्याचं काम काय?

प्रश्न असा आला आहे. सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला असलेली, दांडिया बाजारात वाढलेली एक मुलगी विचारते: "काका, सागरी मत्स्यसंशोधनात परदेशांबरोबर इतके करार होतात, इतके प्रकल्प होतात. त्यातून मासेमारीच्या नियमांत खरंच काही बदलतं का? की संशोधन एका खोलीत आणि व्यवस्थापन दुसऱ्या खोलीत? आणि बडोद्यात राहणाऱ्या माझ्यासारखीनं या कामात पडावं का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचे त्यावरच उभे आहेत. बदलतं. पण मोजणी सुरू होण्यापूर्वीच "आकडा असा आला तर हे करू, तसा आला तर ते करू" असं अधिकारातल्या माणसानं जिथे कबूल केलेलं असतं, तिथे बदलतं. बाकी ठिकाणी अहवाल तयार होतो, त्याच्या प्रकाशनाला चहापाणी होतं आणि दुसऱ्या दिवशी बोटी त्याच जाळ्यानिशी दर्यात जातात. मी एकतीस वर्षं गुजरातच्या किनाऱ्यावर माशांचे साठे, म्हणजे समुद्रात मासळी किती आहे ते, मोजण्याचं काम केलं, त्यातली बरीचशी वेरावळ, मांगरोळ आणि जाफराबादच्या धक्क्यांवर. दोन्ही तऱ्हेच्या प्रकल्पांत होतो, म्हणून हे सांगतो.

बडोद्याचं म्हणशील तर आपलं शहर समुद्रकाठी नाही, पण राज्य होतं. ओखामंडळ, कोडिनार, बिलिमोरा हा सगळा किनारा गायकवाडांचा. ओखामंडळातल्या मोत्यांच्या कालवांतून आणि शंखांतून राज्याला उत्पन्न मिळेल का, हा सयाजीराव महाराजांच्या सरकारपुढचा सवाल होता. त्यासाठी सिलोनच्या मोती-मासेमारीवर काम केलेल्या जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाला बोलावलं गेलं. त्याचा अहवाल दोन भागांत छापला, 1909 आणि 1916 मध्ये. निरनिराळ्या प्राणिगटांवरची प्रकरणं त्या त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिली आहेत. आज त्याला आपण आंतरराष्ट्रीय सहकार्यच म्हणू. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की सवाल दरबाराचा होता. शास्त्रज्ञ उत्तर द्यायला आला, आणि उत्तर कुणाच्या हातात पडणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. शंभर वर्षांनंतरचे कितीतरी प्रकल्प मी याच्या उलट चालताना पाहिले: परदेशी निधी मंजूर होतो, मग विषय शोधला जातो, आणि शेवटच्या वर्षी "हे आता कुणाला द्यायचं?" अशी शोधाशोध सुरू होते.

उलट टोकाचं उदाहरण भारत-नॉर्वे प्रकल्पाचं. 1952 मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला आणि 1953 पासून कोल्लमजवळच्या नीण्डकरा-शक्तिकुलंगरा भागात काम सुरू झालं. हेतू चांगला होता. नुसत्या बोटी नव्हे, पिण्याचं पाणी आणि दवाखानाही त्या योजनेत होता. यांत्रिक बोटी आल्या, बर्फ आला, कोळंबीला परदेशी बाजार मिळाला आणि ट्रॉलिंग, म्हणजे बोटीमागे पिशवीसारखं जाळं ओढत नेणं, फोफावलं. पण किती बोटी पुरे, कुठल्या महिन्यात थांबायचं, किनाऱ्यालगतचं पाणी कुणाचं, याची एक ओळही त्या तंत्राबरोबर आली नाही. पुढे पारंपरिक मच्छिमार आणि ट्रॉलरवाले यांच्यात मारामाऱ्या झाल्या, समित्यांमागून समित्या बसल्या, आणि केरळात पावसाळी ट्रॉलबंदी लागू झाली ती 1988 मध्ये. तंत्र यायला आणि नियम यायला मध्ये पस्तीस वर्षं गेली. नॉर्वेला मी दोष देत नाही. त्या काळी सगळ्या जगाची समजूत होती की समुद्र अथांग आहे आणि कमी पडतात त्या बोटी. पण सहकार्याचं मोजमाप यंत्रांवरून करायचं नसतं, एवढा धडा त्यातून मी घेतला.

आता माझ्या स्वतःच्या हातून गेलेल्या एका संधीबद्दल. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत बारीक मासळी किती येते, यावर एका परदेशी संस्थेबरोबर आम्ही तीन वर्षं काम केलं. त्यातलं तंत्र समजून घे, कारण ते सुंदर आहे. नेहमीच्या जाळ्याचे डोळे शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात. बोट जाळं ओढू लागली की ताणानं ते डोळे मिटतात, आणि मग नियमात 40 मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी बोटभर पिल्लूसुद्धा बाहेर पडू शकत नाही. तेच जाळं फिरवून डोळे चौकोनी ठेवले की ओढताना उघडे राहतात आणि पिल्लं निसटतात. गुजरातच्या नियमांत 40 मिलिमीटर चौकोनी डोळ्यांची पिशवी सांगितलेली आहे ती याच कारणासाठी. आमचा अभ्यास चोख होता. चुकलं असं की तीन वर्षांत आम्ही एकदाही मत्स्यखात्याच्या माणसाला, बोटमालकांच्या मंडळाला आणि जाळं विणणाऱ्या दुकानदाराला एका खोलीत बसवलं नाही. प्रकल्प संपला तेव्हा ज्या अधिकाऱ्यानं रस घेतला होता त्यांची बदली झाली होती. नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायचं तर पैसा आणि माणसं दोन्ही संपलेली. मूळ नोंदी परदेशातल्या संगणकावर होत्या. त्या परत मिळवायला पत्रव्यवहारात वर्ष गेलं, आणि मिळाल्या तेव्हा अर्ध्या रकान्यांचा अर्थ सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या काळात मांगरोळच्या धक्क्यावर एका वयस्क टंडेलानं, म्हणजे बोटीच्या म्होरक्यानं, मला विचारलं होतं, "साहेब, आ मापवानुं काम पूरुं थशे पछी शुं?" मोजून झाल्यावर पुढे काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून हा प्रश्न मी प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहीत आलो.

हे जिथे जमलं असं उदाहरण आपल्या शेजारीच आहे, बांगलादेशच्या हिलशाचं. आपल्याकडे तिला भिंग किंवा पाला म्हणतात. भरूचजवळ नर्मदेच्या मुखात ती पावसाळ्यात वर चढायची, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या जुन्या मासेखाऊ घरांत तिची आठवण अजून निघते. बांगलादेशात ही मासळी म्हणजे निम्म्या देशाचा जीव. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली पकड 2 लाख टनांच्या आसपास घसरली होती. तिथल्या संशोधकांनी दोन साध्या गोष्टी मोजल्या: माद्या नेमक्या कुठल्या दिवसांत अंडी घालतात, आणि पिल्लं कुठल्या पट्ट्यात वाढतात. पहिल्याचं उत्तर निघालं आश्विन पौर्णिमेच्या आसपास. आपण कोजागिरीला दूध आटवतो त्याच सुमाराला. त्यावरून बंदी ठरली, आणि तिची लांबी संशोधनाच्या मागोमाग बदलत गेली: आधी 10 दिवस, मग 11, मग 15, आणि 2016 पासून 22. बंदीनंतर अंडी घालून रिकाम्या झालेल्या माद्यांचं प्रमाण किती, हे दरवर्षी तपासायचं आणि कमी पडलं तर दिवस वाढवायचे. आकडा आणि निर्णय यांच्यामधली दोरी इतकी आखूड होती.

पण नुसत्या बंदीनं हे झालं नसतं. 25 सेंटिमीटरखालच्या पिल्लांवर, ज्यांना तिकडे जाटका म्हणतात, आठ महिने बंदी असते. त्या काळात सरकार नोंदणीकृत मच्छिमार कुटुंबांना चार महिने दरमहा 40 किलो तांदूळ देतं. तो सगळ्यांना पुरतो असं नाही, तक्रारीही आहेत. तरी नियम करणाऱ्यानं घरातल्या चुलीचा विचार केला, हे मच्छिमाराला दिसतं. परदेशी सहकार्य आलं ते या चौकटीत: वर्ल्डफिश ही आंतरराष्ट्रीय मत्स्यसंशोधन संस्था आणि अमेरिकेची मदत नंतर आली आणि चालू कामाला जोडली गेली. 2017-18 पर्यंत पकड 5 लाख टनांच्या वर गेली.

याच गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त शिकवून गेला. बंगालचा उपसागर एकच, मासळी एकच, पण भारताच्या पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून आणि बांगलादेशची सागरी बंदी तेव्हा होती 20 मे ते 23 जुलै. म्हणजे आपल्या बोटी जूनच्या मध्यात बाहेर पडायच्या आणि तिकडचे मच्छिमार त्यानंतरही महिन्याहून जास्त दिवस घरी बसलेले. "आम्ही राखायचं आणि शेजाऱ्यानं न्यायचं का?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. शेवटी 2025 मध्ये बांगलादेशनं आपली तारीख बदलून 15 एप्रिल ते 11 जून केली. मासा दोन्ही बाजूंना जातो हे शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षांपासून माहीत होतं. ते कॅलेंडरवर उतरायला दहा वर्षं गेली. तरीही उतरलं, हे मी फार मोठं मानतो. दोन देशांच्या मत्स्यविज्ञानाचं फळ बहुतेक वेळा असंच, कॅलेंडरवरच्या एका बदललेल्या तारखेएवढं दिसतं.

नर्मदेच्या भिंगेबद्दल हा मार्ग पुरा पडणार नाही, हेही इथेच सांगून टाकतो. तिला नदीत चढायला गोडं पाणी आणि मोकळी वाट लागते. धरणं, कमी झालेला प्रवाह, नर्मदेच्या मुखाशी भाडभूतला होत असलेला बंधारा, यांपुढे जाळ्याच्या डोळ्याचा नियम काय करणार? काही वेळा मत्स्यव्यवस्थापनाची किल्ली मत्स्यखात्याच्या हातात नसते, आणि हे संशोधकानं पहिल्याच पानावर स्पष्ट लिहायला हवं.

आता आपल्या बाजूचा समुद्र. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझं काम इथेच असणार.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये देशाच्या मुख्य भूमीवर सुमारे 34.7 लाख टन सागरी मासळी उतरली, आणि त्यात 7.54 लाख टनांसह गुजरात पहिला होता. हा अंदाज कसा निघतो ते एकदा धक्क्यावर उभं राहून बघ. सगळ्या बोटी मोजता येत नाहीत, म्हणून बंदरं, दिवस आणि बोटी यांची ठरलेल्या पद्धतीनं निवड होते. पाहणारा माणूस पहाटे हातात वही घेऊन उभा असतो, टोपल्या मोजतो, जाती ओळखतो, लांबी घेतो आणि त्यावरून महिन्याचा, मग वर्षाचा हिशेब मांडला जातो. विकसनशील देशांत इतकी जुनी आणि अखंड पद्धत फार थोड्यांकडे आहे. परदेशी बैठकीला आपला माणूस जातो तेव्हा त्याच्या बोलण्याला वजन येतं ते या वह्यांमुळे.

सुरमई घे. वेरावळ-पोरबंदरच्या गिलनेटवाल्यांची, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं जाळं सोडणाऱ्यांची, ही लक्ष्मी. तीच मासळी पाकिस्तान, इराण आणि ओमानच्या जाळ्यांतही येते. हिंद महासागर टूना आयोग, ज्याचं कार्यालय सेशेल्समध्ये आहे, तो सोळा जातींचं व्यवस्थापन पाहतो आणि सुरमई त्यांतली एक. भारत 1995 पासून त्याचा सदस्य आहे. आता अडचण ऐक. अरबी समुद्रातली सुरमई आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची सुरमई हा एकच साठा आहे की वेगवेगळे, याचा पक्का पुरावा नाही, म्हणून मूल्यमापन करताना अख्ख्या हिंद महासागराचा एकच साठा धरला जातो. (साठा म्हणजे आपसांत वीण होणारी आणि एकत्र घटणारी-वाढणारी लोकसंख्या.) वय, लांबी, किती तास जाळं पाण्यात होतं, हे तपशील पुरेसे नाहीत म्हणून नुसत्या वार्षिक पकडीच्या आकड्यांवर चालणाऱ्या पद्धती वापराव्या लागतात. ज्या देशाकडून आकडा येत नाही किंवा अर्धवट येतो, त्याची जागा सचिवालय अंदाजानं भरतं. म्हणजे आपल्या पहाटेच्या टोपल्यांचं काम ढिलं पडलं, तर सुरमईचा निवाडा दुसऱ्या कुणाच्या तर्कावर होणार. परदेशी सहकार्य हे केवळ सौजन्य नसून आपल्या मच्छिमाराच्या बाजूनं दिलेली साक्ष असते, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो.

आणि कॅलेंडर? भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची बंदी 1 जून ते 31 जुलै. ओमान सुरमईची मासेमारी बंद ठेवतो 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर. म्हणजे तिकडे सुरमई राखली जाते नेमक्या त्याच आठवड्यांत आपल्या गिलनेट बोटी नव्या हंगामाचा नारळ फोडून निघालेल्या असतात. दोन्ही देश आपापल्या परीनं प्रामाणिक आहेत. पण तारखा ठरवणारे एका टेबलावर बसलेले नाहीत. बंगालच्या उपसागरात जे 2025 मध्ये झालं ते अरबी समुद्रात व्हायचं असेल, तर आधी हा साठा खरोखर सामायिक आहे का हे जनुकीय नमुने आणि टॅग यांनी दाखवावं लागेल. तुला एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय हवा असेल, तर हा घे.

टूना आयोगात शास्त्र आणि निर्णय यांच्या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. कार्यगट आणि वैज्ञानिक समिती सल्ला देतात, सदस्य देशांचा आयोग ठराव करतो. किनाऱ्यालगतच्या टूना आणि सुरमईवरच्या कार्यगटाची पहिली बैठक 2011 मध्ये चेन्नईत झाली, म्हणजे हे टेबल आपल्याच घरी मांडलं गेलं होतं. 2016 मध्ये मालदीवच्या पुढाकारानं स्किपजॅक टूनासाठी तिथे एक नियम झाला, आणि मी वर म्हटलं ते तत्त्व त्यात अक्षरशः उतरलं: साठ्याचा अंदाज अमुक आला तर पकडीची मर्यादा अमुक, सूत्र आधीच मान्य. 2018 ते 2020 साठी त्या सूत्रानं वार्षिक 4,70,029 टन ही मर्यादा दिली. प्रत्यक्षात पहिल्याच वर्षी पकड 6 लाख टनांच्या वर गेली. का? एकूण मर्यादा ठरली, पण त्यातला कुणाचा वाटा किती हे ठरलंच नव्हतं. शिवाय एखादा ठराव पटला नाही तर 120 दिवसांत हरकत नोंदवून देश त्यातून बाहेर राहू शकतो. सूत्र आधी ठरणं गरजेचं आहे, आणि वाटणीही आधी ठरणं गरजेचं आहे. वाटणी हा प्रश्न मात्र शास्त्राचा नाही, न्यायाचा आहे. दूरदेशीची मोठी जहाजं आणि आपली पाच-सात खलाशांची बोट यांना एका मापानं मोजू नका, हा भारताचा आग्रह मला मनापासून पटतो. फक्त तो आग्रह धरताना आपल्या बोटींचा हिशेब चोख मांडता आला पाहिजे.

आकड्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती तुझ्या घराजवळून सुरू होते. कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, 1944 मध्ये महीच्या मुखाशी लागलेल्या देवमाशाचा. आपण सगळे लहानपणी त्याच्या फासळ्या मोजत उभे राहिलो आहोत. अरबी समुद्रात हंपबॅक देवमाशांची एक वेगळी, छोटी लोकसंख्या आहे. बाकी सगळीकडचे हंपबॅक थंड पाण्याकडे स्थलांतर करतात, हे करत नाहीत. 1960 च्या दशकात, मुख्यतः 1966 च्या नोव्हेंबरात, सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ त्यांतले 242 मारले. त्या काळी आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग होता, अहवाल देण्याची पद्धत होती, शास्त्रज्ञांच्या बैठका होत होत्या. पण सोव्हिएत संघाकडून आयोगाला जाणारे आकडे खोटे होते. खरे आकडे काही सोव्हिएत शास्त्रज्ञांनी जपून ठेवले आणि राजवट गेल्यावर, 1990 च्या दशकात प्रसिद्ध केले. आज ओमानजवळ ही लोकसंख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. तीस वर्षं जगभरच्या तज्ज्ञांनी खोट्या आकड्यांवर प्रामाणिक गणितं केली. म्हणून मी म्हणतो, वही लिहिणाऱ्या माणसाला कुणाचं दडपण येणार नाही अशी व्यवस्था, हे आंतरराष्ट्रीय सहकार्याचं पहिलं काम. 2017 मध्ये ओमानजवळ टॅग लावलेली 'लुबान' नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली. तिकडच्या आणि इकडच्या अभ्यासकांना बोलायला एक समान विषय मिळाला तो तिच्यामुळे.

गुजरातच्या किनाऱ्यावरचं सगळ्यात हृद्य उदाहरण व्हेल शार्कचं आहे. वेरावळ-मांगरोळकडे त्याला 'बॅरल' म्हणत, कारण गळ लागल्यावर तो बुडून जाऊ नये म्हणून दोराला रिकामी पिपं बांधत. त्याच्या यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला चोळलं जाई, आणि नंतर मांस परदेशी जाऊ लागलं तशी कत्तल वाढली. 2001 मध्ये भारतानं त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं. 2002 मध्ये भारत आणि फिलिपाइन्सच्या प्रस्तावावरून त्याला वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातलं गेलं. म्हणजे एका बाजूनं मारणं बंद आणि दुसऱ्या बाजूनं गिऱ्हाईकावर लगाम. तरी नुसत्या कायद्यानं खारव्यांची, म्हणजे तिथल्या मच्छिमार समाजाची, मनं वळली नसती. 2004 पासून वन्यजीव संस्था, वनखातं आणि एका मोठ्या रसायन कंपनीनं मिळून मोहीम चालवली. रामकथाकार मोरारीबापूंनी त्या माशाला 'व्हाली' म्हटलं, माहेरी बाळंतपणाला आलेली लाडकी लेक. जाळं कापून त्याला सोडलं तर जाळ्याची भरपाई मिळू लागली. सोडल्याचा पुरावा म्हणून मच्छिमारांच्या हातात कॅमेरे आले, आणि त्या फोटोंतूनच शास्त्रज्ञांना नोंदी मिळू लागल्या. ज्यानं वाचवायचं त्याच्याच हातात मोजण्याचं साधन, ही युक्ती मला कुठल्याही परदेशी पाठ्यपुस्तकात इतकी सुरेख मांडलेली आढळली नाही. आतापर्यंत शेकडो व्हेल शार्क सोडले गेले आहेत.

याउलट कासवांसाठीचं टेड, म्हणजे ट्रॉल जाळ्यात बसवायची ती जाळी-चौकट, जिच्यामुळे कोळंबी मागे पिशवीत जाते आणि कासव वरच्या झडपेतून सुटतं. ती आपल्याकडे आली अमेरिकेच्या आयातबंदीच्या धाकानं. केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं आपल्या जाळ्यांना जमेल असं रूप तयार केलं, नियमही झाले, पण वापर जेमतेम, आणि 2019 पासून अमेरिकेनं आपली समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. बाहेरून आलेला नियम आणि आतून पटलेला नियम यांतला फरक बघायचा असेल तर व्हाली आणि टेड शेजारी शेजारी ठेवून पाहा.

आता तुझा तिसरा प्रश्न. पड. नक्की पड. पण काही गोष्टी आत्तापासून कर. संख्याशास्त्र मनापासून शिक. साठ्याचं मूल्यमापन हे आज ऐंशी टक्के गणित आणि संगणक आहे, आणि प्राणिशास्त्राची मुलं तिथेच मागे पडतात. मत्स्यकायदे वाच: किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार आणि त्यापुढे केंद्राचा, ही रेघ पक्की लक्षात ठेव, कारण तू काढलेला निष्कर्ष कुणाच्या टेबलावर ठेवायचा हे त्यावरून ठरतं. बडोद्याची असल्यानं गुजराती तुला येतेच, शिवाय मराठी. बोंबील जाफराबादचा आणि वसईचा वेगळा नसतो, आणि आपल्या बोटी महाराष्ट्राच्या पाण्यापर्यंत जातात. महाराष्ट्रानं 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवली. त्यापेक्षा लहान पापलेट तिकडे पकडलं तर गुन्हा आणि इकडच्या धक्क्यावर विकलं तर चालतं, असं राहू द्यायचं नसेल तर दोन्ही भाषांत बोलणारा माणूस लागतो. परदेशी सहकार्याच्या आधी राज्या-राज्यांमधलं सहकार्य, आणि ते करायला बडोद्याच्या मराठी मुलीइतकं सोयीचं दुसरं कोण?

परदेशी प्रकल्पात जायची संधी आली तर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचार: मूळ नोंदी कुठे राहणार, प्रकल्प संपल्यावर त्या सांभाळायला पगारावर कोण असणार, आणि निष्कर्षावर कृती करणारा अधिकारी पहिल्या बैठकीला हजर आहे का. विचारायला संकोच करू नकोस. मी केला होता, आणि तीन वर्षांचं काम हातातून गेलं. चांगला परदेशी सहकारी या प्रश्नांनी दुखावत नाही. बहुतेक वेळा त्यालाही तेच विचारायचं असतं.

पुढचं शिक्षण मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत किंवा वेरावळच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात घेता येईल, आणि सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्रही वेरावळला आहे. पण अर्ज करण्याआधी ऑगस्टच्या शेवटी, बोटी पहिल्या खेपेहून परतायला लागल्या की, चार दिवस काढ. रात्रीच्या गाडीनं वेरावळला जा, पहाटे धक्क्यावर उभी राहा आणि एका टोपलीतल्या सगळ्या सुरमया मोज, लांबी लिही. टंडेलाला विचार की मागच्या साली याच आठवड्यात किती होत्या. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेव, आणि परत आलीस की वही घेऊन ये, आपण दोघं बसून बघू.